शिडाच्या नौकेतले बिऱ्हाड

प्रश्न : आम्ही पतिपत्नी शिडाच्या नौकेतच बिऱ्हाड थाटून मुंबईहून गोव्यास किनाऱ्याने जाऊ इच्छितो. कोणती दक्षता घ्यावी?

उत्तर : डिसेंबर ते फेब्रुवारीत, समुद्र निवळलेला असता, पहाटेच्या मतलई वाऱ्यावर नांगर उचलून दुपारच्या वायव्य वाऱ्याने दक्षिणेस सरकावे आणि दिवस मावळण्यापूर्वी जयगड वा विजयदुर्ग यांसारखे सुरक्षित बंदर गाठावे, कारण कोळ्यांच्या जाळ्यांचे दोर अंधारात दिसत नाहीत व सुकाणूस गुरफटतात. खाडीच्या मुखाशी वाळू साचते, तेव्हा भरती चढत असतानाच आत शिरावे, म्हणजे नौका रुतलीच तरी वाढते पाणी तिला उचलते. मालवणचे खडक स्थानिक तांडेलास विचारल्यावाचून ओलांडू नयेत. नौकेचे दस्तऐवज जवळ असावेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, एकजण पाण्यात पडल्यास दुसऱ्यास एकट्याने शीड उतरवून नौका वळवता आलीच पाहिजे. हा सराव दोघांनीही मुंबईतच, निघण्यापूर्वी करावा, असा माझा आग्रह आहे.