डोळ्यावरील वाढ आणि बिलावरील आकडा

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी डोळ्यांच्या शस्त्रक्रियेवर काय लिहिणार, असे वाचकांना वाटणे साहजिक आहे. मलाही वर्षभरापूर्वी तसेच वाटले असते. परंतु घरातच प्रसंग आला, आणि जमाखर्चाचा एक नवा धडा मला रुग्णालयाच्या खिडकीपाशी शिकावा लागला.

माझ्या काकूचा जन्म शेतात गेला. ऊन, वारा आणि धूळ यांमुळे तिच्या डाव्या डोळ्यात नाकाच्या बाजूने एक मांसल पडदा बुबुळाकडे सरकू लागला. आजी त्याला ‘वडस’ म्हणे. डॉक्टर कानडीत म्हणाले, ‘कण्णल्लि मांस बेळेदिदे’, म्हणजे डोळ्यात मांस वाढले आहे. शस्त्रक्रिया झाली, त्याच संध्याकाळी काकू घरी आली. पैसे भिशीतून उचलले होते. चुलतभावाच्या नोकरीत आईवडिलांचाही विमा असल्याने ते परत मिळतील, अशी खात्री होती.

पण दावा परत आला. रुग्णालयाच्या कागदावर वर ‘डावा डोळा’ आणि खाली ‘उजवा डोळा’ असे लिहिले होते. शस्त्रक्रियेच्या रकान्यात फक्त ‘वाढ काढली’ एवढेच, आणि बिलात मात्र कलमाचा वेगळा आकार! काकू म्हणाली, “अरे, डोळा माझ्या तोंडावर आहे. या म्हणावं बघायला!” शेवटी मीच दोन खेपा घातल्या. खिडकीवरच्या गृहस्थांना ‘बलगण्णु नव्हे, एडगण्णु’ असे समजावले आणि डॉक्टरांची सही आणली. पैसे मिळायला जवळजवळ दोन महिने गेले. तोवर भिशीचे हप्ते काकूने कसे भरले, ते तिचे तिलाच ठाऊक.

आमच्याच गल्लीतील एक ज्येष्ठ मित्र बंगळूरला अमेरिकन रुग्णालयांची बिले सांकेतिक आकड्यांत मांडण्याचे काम करतो. दिवाळीत आला असता मी ते कागद त्याच्यापुढे ठेवले. त्याने जे शिकवले ते थोडक्यात येथे मांडतो.

१. दोन प्रश्न, दोन संकेत

प्रत्येक वैद्यकीय बिलाला दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात : रुग्णाला काय झाले होते, आणि डॉक्टरांनी काय केले? पहिल्याचे उत्तर रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात मिळते. त्याची दहावी आवृत्ती ‘आयसीडी-१०’ आपल्याकडील विमा दाव्याच्या अर्जातही विचारली जाते. अमेरिकेने तिचे स्वतःचे विस्तारित रूप १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू केले. दुसऱ्याचे उत्तर तेथे ‘सीपीटी’ या पाच अंकी संकेतांत देतात. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने ते प्रथम १९६६ साली प्रसिद्ध केले.

या दोहोंचा मेळ बसला पाहिजे. रोग एका डोळ्याचा आणि शस्त्रक्रिया दुसऱ्याची, असे दिसले की दावा अडकतो. आपल्या ताळेबंदाच्या दोन बाजूंसारखेच हे आहे.

२. वाढ कसली आणि कोठली?

काकूच्या विकाराचे शास्त्रीय नाव ‘टेरिजियम’, म्हणजे ग्रीक भाषेत लहानसा पंख. सुश्रुताने त्याला ‘अर्म’ म्हटले, त्याचे पाच प्रकार सांगितले आणि तो कापून काढण्याची रीतही वर्णिली. अमेरिकन पद्धतीत यासाठी संकेत निवडताना एकच प्रश्न निर्णायक ठरतो : कलम लावले का? नुसते टेरिजियम काढले तर ६५४२०. त्या जागी कलम लावले तर ६५४२६. कलमाचे काम दुसऱ्या संकेतातच धरलेले असते. त्याच डोळ्यातून कलम काढल्याचा वेगळा आकार लावला, तर एकाच मालाची दोनदा विक्री दाखवल्यासारखे होते.

वाढ टेरिजियमची नसेल तर जागा पाहावी. बुबुळावरील पारदर्शक कॉर्नियावरची वाढ काढली तर ६५४००. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील पातळ आवरणातील वाढ एक सेंटिमीटरपर्यंत असेल तर ६८११०, त्याहून मोठी असेल तर ६८११५, आणि खालच्या पांढऱ्या कवचाचा भागही काढावा लागला तर ६८१३०. म्हणून डॉक्टरांनी माप लिहिले नसेल, तर संकेत लावणाऱ्याने ते अंदाजाने घालू नये.

३. एक सोडवलेले उदाहरण

काकूची शस्त्रक्रिया अमेरिकेत झाली असती तर नोंद अशी झाली असती : रोग एच११.०५२, शस्त्रक्रिया ६५४२६, जोडीला डाव्या डोळ्याची ‘एलटी’ ही खूण. रोगाच्या संकेतातील शेवटचा अंक बाजू सांगतो : १ उजवा, २ डावा, ३ दोन्ही, ९ म्हणजे बाजू नमूद नाही. त्याआधीचा ५ सांगतो की वाढ कडेची असून पुढे सरकणारी आहे. पण डॉक्टरांनी तसे लिहिलेच नसेल तर? मग डोळ्याने दिसत असले तरी ‘प्रकार नमूद नाही’ असा एच११.००२ हाच संकेत. व्हाउचर नाही तर नोंद नाही, हे आपल्याला पहिल्याच वर्षी शिकवतात.

४. ठोक दराचा हिशेब

अमेरिकेत वृद्धांसाठी असलेल्या ‘मेडिकेअर’ या सरकारी विम्यात, १९९२ पासून डॉक्टरांचे श्रम, दवाखान्याचा खर्च आणि व्यावसायिक जोखमीचा विमा या तीन घटकांवरून प्रत्येक कामाचे मोल ठरते. टेरिजियमच्या शस्त्रक्रियेच्या दरात नंतरच्या ९० दिवसांची नेहमीची तपासणीही धरलेली असते. शिंप्याने शिलाईतच दुरुस्ती धरावी तसे हे. त्या मुदतीत दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, तर ‘हे काम निराळे’ असे सांगणारी ७९ ही खूण जोडावी लागते. नाहीतर पैसे नाकारले जाण्याचा संभव असतो.

५. संशयाला संकेत नाही

मला सर्वांत मोलाचा वाटलेला नियम हा. डोळ्यावरील एखादी वाढ कर्करोगाची असू शकते, म्हणून डॉक्टर ती तपासणीस पाठवतात आणि कागदावर ‘संशय’ असे लिहितात. बाह्यरुग्ण विभागात अशा संशयाला कर्करोगाचा संकेत लावता येत नाही. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत थांबावे, हे उत्तम. साधा तीळ निघाला तर डी३१.० या गटात, कर्करोग निघाला तर सी६९.० या गटात नोंद करावी. घाईने लिहिलेला एक चुकीचा आकडा त्या माणसाच्या नोंदीत कर्करोग म्हणून बसतो आणि पुढे कोठकोठे सोबत जातो.

जाणूनबुजून भारी संकेत लावणे तर गुन्हाच. सरकारकडे खोटा दावा करण्याविरुद्धचा अमेरिकन कायदा १८६३ सालचा, म्हणजे यादवी युद्धातील लबाड पुरवठादारांसाठी केलेला आहे. तोच आज रुग्णालयांनाही लागू पडतो.

समारोप

आपल्यापैकी काहीजण पदवीनंतर बंगळूर किंवा हैदराबादला हेच काम करायला जातील. त्यांना शरीरशास्त्राचे शब्द पाठ करावे लागतील. परंतु पुराव्याशिवाय नोंद न करण्याची शिस्त आपल्या शाखेने दिलेलीच आहे. जे जाणार नाहीत त्यांनीही घरचे माणूस रुग्णालयातून निघताना कागदावर चार गोष्टी पाहाव्यात : कोणता डोळा, कसली वाढ, किती मोठी, आणि नेमके काय केले. आपल्या भागात रुग्ण मराठीत सांगतो, कारकून कानडीत ऐकतो आणि कागद इंग्रजीत लिहिला जातो. डावे-उजवे हरवायला एवढी वाट पुरेशी आहे.

काकूचा डोळा आता स्वच्छ आहे. उन्हात जाताना ती माझा जुना काळा चष्मा लावते. परवा शेजारच्या मावशींना दवाखान्यात नेताना ती मला म्हणाली, “तू पण चल रे. औषध डॉक्टर बघतील, कागद तू बघ.”