शेवटून दुसऱ्यावर जोर

प्रश्न : पोलिश भाषेतले लांबलचक शब्द कुठे तोडायचे आणि जोर कुठे द्यायचा?
– एक वाचक, भूगाव (ता. मुळशी)

उत्तर : लिपीतली अक्षरे नव्हे, कानाला ऐकू येणारे स्वर मोजावेत. ‘भूगाव’ लिहिताना तीन अक्षरे, बोलताना मात्र भू-गाव् असे दोनच तुकडे. पोलिशमध्येही जितके स्वर, तितके तुकडे. फक्त रोमन ‘आय’ दुसऱ्या स्वराआधी आला, तर तो जोडाक्षरातल्या ‘य’सारखा व्यंजनाला चिकटतो, वेगळा मोजला जात नाही.

जोर बहुधा शेवटून दुसऱ्या तुकड्यावर. प्रत्यय लागून शब्द वाढला, की जोरही पुढे सरकतो. ‘स्तू-देन्त’मध्ये (विद्यार्थी) तो ‘स्तू’वर, ‘स्तू-देन्-ता’मध्ये ‘देन्’वर आणि ‘स्तू-देन्-ता-मी’मध्ये (विद्यार्थ्यांसह) ‘ता’वर.

आता जिभेची कसरत! कॉन्-स्तान्-ती-नो-पो-ली-तान्-ची-को-व्या-नेच्-का. हा कॉन्स्टँटिनोपलच्या नावावरून गमतीने घडवलेला 12 तुकड्यांचा शब्द, जोर ‘नेच्’वर.

ग्रीक-लॅटिन वळणाचे काही शब्द अपवाद. ‘मा-ते-मा-ती-का’ (गणित) या शब्दात प्रमाण उच्चारात जोर शेवटून तिसऱ्या, म्हणजे दुसऱ्या ‘मा’वर असतो, रोजच्या बोलण्यात मात्र अनेक जण तो ‘ती’वर देतात.

ही भाषा महाराष्ट्राला अगदीच परकी नाही. दुसऱ्या महायुद्धात, 1943 पासून कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत सुमारे 5000 पोलिश निर्वासित राहिले. त्यांच्या शाळाही तिथे होत्या. पोलिश नियमाने त्या गावाचे नाव वा-ली-वा-दे, आणि जोर दुसऱ्या ‘वा’वर.