टाचणी लावलेले पान

मुलांनो, हात स्वच्छ धुऊन आरशासमोर उभे राहा. तोंड मोठे उघडा. आता मधली तीन बोटे जुळवून वरच्या आणि खालच्या दातांमध्ये उभी धरा. गेली ना? तुमच्यापैकी जवळजवळ सर्वांची जातील.

मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय आहे. तेथे अशीही माणसे येतात, की ज्यांचे तोंड एक बोट जाईल इतकेच उघडते. त्यांना भाकरीचा घास धड घेता येत नाही. जरा तिखट खाल्ले, तरी तोंडाची आग आग होते. त्यांतील काही जण तर ऐन तरुण असतात. त्यांनी वर्षानुवर्षे सुपारी किंवा गुटखा चघळलेला असतो. त्यामुळे गालाच्या आतली मऊ त्वचा कडक, दोरीसारखी होत गेलेली असते. अशा तोंडात पुढे कर्करोग होण्याची भीती फार.

हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील प्रयोगशाळेचे प्रमुख होते डॉक्टर वसंत रामजी खानोलकर. रोगट भागाचा अगदी पातळ तुकडा काचपट्टीवर ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकातून पाहायचा, हे त्यांचे काम. पण ते नुसती काच पाहून थांबले नाहीत. "तुम्ही काय चघळता? विडी ओढता का?" अशा सवयींचीही त्यांनी नोंद घेतली. मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा अभ्यास त्यांनी १९४४ साली प्रसिद्ध केला. माणसाची सवय आणि रोगाची जागा यांचा संबंध त्यातून पुढे आला. तंबाखूची गोळी गालात धरून ठेवावी, आणि तेथेच रोगाने घर करावे! पुढे १९५२ साली परळलाच भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघाले. खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले.

तंबाखू वाईट, हे कळले. पण ती पेशीच्या आत जाऊन करते तरी काय? ते कळायला आणखी बरीच वर्षे जावी लागली.

आपले शरीर अगणित पेशींचे बनलेले आहे. पेशी डोळ्यांना दिसत नाही, इतकी लहान. पण तिच्या पोटात डीएनएचा जो धागा गुंडाळलेला असतो, तो उलगडला तर सुमारे दोन मीटर भरेल. म्हणजे तुमच्या वर्गाच्या दाराएवढा उंच! या धाग्यावर शरीराच्या कामाच्या सूचना लिहिलेल्या असतात. एकेका सूचनेला जनुक म्हणतात. माणसात अशी सुमारे वीस हजार जनुके आहेत. ही एक जाडजूड वही आहे असे समजा. प्रत्येक पानावर एक सूचना.

यातील काही पाने पहारेकऱ्यांची आहेत. गालाच्या आत जुन्या पेशी झडतात, नव्या तयार होतात. एका पेशीच्या दोन होतात. पण किती व्हाव्यात, याला मर्यादा हवी. "आता पुरे, थांबा," असे सांगणारे एक जनुक आहे. शास्त्रज्ञ त्याला 'पी सोळा' म्हणतात. सायकलला जसा ब्रेक, तसा हा पेशींचा ब्रेक. तो लागला नाही, तर पेशी वाढतच सुटतात. त्यालाच कर्करोग म्हणतात.

मग हा ब्रेक निकामी कसा होतो? तंबाखूतील विषारी द्रव्ये वहीतील अक्षरे बिघडवतात, काही वेळा पानच फाडून टाकतात. हे शास्त्रज्ञांना ठाऊक होते. पण काही रोग्यांच्या पेशींत भलताच प्रकार दिसला. पान जागेवर होते. अक्षर न् अक्षर शाबूत होते. तरीही पेशी ते पान वाचत नव्हती!

समजा, तुमच्या वहीच्या एका पानाला कोणी चारही बाजूंनी टाचण्या लावल्या, तर? मजकूर आत आहे, पण वही उघडली तरी ते पान उघडत नाही. पेशीत अगदी असेच घडले होते. तेथील टाचणी म्हणजे एक कार्बनचा आणि तीन हायड्रोजनचे, असा चार अणूंचा इवलासा गट. त्याचे नाव मिथिल. असे पुष्कळ गट जनुकाच्या सुरुवातीला चिकटले, की धागा तेथे घट्ट आवळला जातो आणि जनुक मुके होते. पी सोळा जनुक कर्करोगात असे मुके झालेले अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी १९९५ साली दाखवून दिले.

टाचणी नेहमी वाईटच असते, असे मात्र नाही हं! डोळ्याच्या पेशीला पचनाची पाने कशाला हवीत? ती टाचून ठेवलेलीच बरी. म्हणूनच एकाच वहीतून डोळाही घडतो आणि जठरही. चुकीच्या पानाला टाचणी लागली, की घात होतो. शिवाय पेशीच्या दोन पेशी होताना वहीची नक्कल होते, तेव्हा टाचण्यांचीही नक्कल होते. एका पेशीतील मुके पान तिच्या मुलींना आणि नातींनाही मुकेच मिळते.

तंबाखू आणि सुपारी चघळणाऱ्यांच्या तोंडातील पेशी शास्त्रज्ञांनी तपासल्या. कित्येकदा कर्करोग होण्याच्या आधीच, नुसता पांढरा चट्टा असतानाच, त्यांना या टाचण्या आढळल्या. काही लोक म्हणतात, "आम्ही तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो." पण नुसती सुपारीही कर्करोग करते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली जाहीर केले आहे.

माणसे दूरदेशी कामाला जातात, तेव्हा सवयही त्यांच्या पिशवीतून जाते. कतार देशाच्या दोहा शहरात अल मन्सूरा नावाची वस्ती आहे. तेथे भारतातून गेलेले बरेच लोक राहतात. कतारने २०१६ च्या कायद्याने चघळण्याच्या तंबाखूची विक्री बंद केली. आपल्या महाराष्ट्रात त्याआधीच, २०१२ साली, गुटख्यावर बंदी आली होती. तरीही चोरून विकणारे असतातच, हे तुम्ही पाहिले असेल.

फाटलेले पान जोडणे कठीण. टाचणी मात्र काढता येते! रक्ताच्या एका आजारावर अशा टाचण्या कमी करणारे औषध २००४ पासून मिळते. तोंडाच्या कर्करोगाला अजून तसे औषध लागू पडलेले नाही. तेथे आजही शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांचाच मुख्य आधार. चट्टा लहान असताना माणूस डॉक्टरांकडे गेला, तर तो बरा होण्याची आशा पुष्कळ असते. पण तो दुखत नाही, म्हणून माणसे थांबतात.

म्हणून शास्त्रज्ञ आता आणखी एक वाट शोधत आहेत. माणसाने पाण्याने चूळ भरायची आणि ते पाणी प्रयोगशाळेत द्यायचे. त्यात तोंडातील झडलेल्या पेशी असतात. चट्टा दिसण्याच्याही आधी त्या पेशींतील टाचण्या ओळखता येतील का, हे ते पाहत आहेत.