मानवाकृती चित्रण : करेक्शन आणि शरीररचनेचा अभ्यास

कलाशिक्षणाकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्याचे मानवाकृती चित्रण, म्हणजे उभ्या, बसलेल्या किंवा हालत्या मानवी देहाचे रेखाटन, बहुधा एका टप्प्यावर येऊन अडते. वह्या भरत जातात, रेषा सफाईदार होते, तरीही आकृती जमिनीवर उभी आहे असे वाटत नाही आणि हात खांद्यातून निघण्याऐवजी बाहेरून चिकटवल्यासारखे दिसतात. सराव वाढवूनही फरक पडेनासा झाला की पालकांना मुलाच्या गुणवत्तेविषयीच शंका येऊ लागते. वास्तविक हा प्रश्न प्रतिभेचा कमी आणि निदानाचा अधिक असतो, कारण चूक कोठे आहे हे कळल्यावाचून केलेल्या सरावाने तीच चूक हाताच्या अंगवळणी पडते.

या कौशल्याची गरज लवकर भासते. इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेतील स्मरणचित्र असो किंवा दृश्यकलेच्या पदवीसाठी राज्यात होणाऱ्या सीईटीतील, तेथे बाजार, बसथांबा, खेळाचे मैदान अशा प्रसंगांत माणसे काढावी लागतात; आयआयटी मुंबईतर्फे घेतल्या जाणाऱ्या यूसीड या डिझाइनच्या प्रवेश परीक्षेतही रेखाटनाचा स्वतंत्र भाग असतो. पुढे अ‍ॅनिमेशन, पुस्तकचित्रे, चित्रपटाच्या प्रसंगांची आगाऊ रेखाटने म्हणजे स्टोरीबोर्ड, वेशभूषा, शिल्पकला आणि वैद्यकीय चित्रण या क्षेत्रांत मानवी देहाची जाण हाच कामाचा पाया असतो.

कलामहाविद्यालयांत ज्याला ‘करेक्शन’ म्हणतात, ती शिक्षकाने चित्रासमोर उभे राहून केलेली चिकित्सा होय. तिचे मोल शिक्षकाच्या कडकपणावर ठरत नाही, ती किती नेमकी आहे यावर ठरते. ‘छान आहे’ आणि ‘जमले नाही’ हे दोन्ही अभिप्राय विद्यार्थ्याला सारखेच निरुपयोगी ठरतात. याउलट ‘भार उजव्या पायावर आहे, तरी कंबरेची रेषा आडवी सपाट काढली आहे’ हे वाक्य त्याला पुढच्या दहा रेखाटनांत काय पाहायचे ते सांगते. चांगली चिकित्सा समग्र आकृतीकडून तपशिलाकडे जाते: आधी तोल, मग खांदे व कंबर यांचे कल, मग प्रमाण आणि सर्वांत शेवटी बोटे, चेहरा, छायाभेद. एका पायावर भार देऊन स्थिर उभ्या असलेल्या व्यक्तीच्या गळ्याच्या खळगीतून ओळंबा सोडला, तर तो साधारणतः भार घेणाऱ्या पायाच्या टाचेजवळ येतो; त्या बाजूची कंबर वर उचलली जाते आणि खांदा बहुधा खाली झुकतो. एवढे एक तपासले तरी पडत्या आकृत्यांचा मोठा दोष दूर होतो. शिक्षकाने दुरुस्ती कागदाच्या कडेला किंवा वर ठेवलेल्या ट्रेसिंग पेपरवर करावी, विद्यार्थ्याच्या चित्रावरच करू नये, हे विशेष महत्त्वाचे आहे. मूळ चूक झाकली गेली की तुलना संपते आणि शिकण्याची सामग्रीच नाहीशी होते.

चूक कोठे आहे हे चिकित्सा दाखवते. ती का झाली हे शरीररचनाशास्त्र, म्हणजे हाडे, सांधे व स्नायू यांच्या मांडणीचे शास्त्र, सांगते. प्रौढ माणसाच्या सांगाड्यात २०६ हाडे असली तरी चित्रकाराला त्यांची यादी पाठ करण्याची गरज नसते. त्वचेखाली जेथे हाड स्पष्ट जाणवते त्या खुणा आणि सांध्यांची फिरण्याची रीत त्याला ठाऊक असावी लागते. प्रौढाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण साडेसात पट असते आणि शरीराचा मध्य कंबरेवर नसून त्याहून खाली, जांघेजवळ येतो. नवजात बालकाची उंची मात्र डोक्याच्या सुमारे चौपटच असते, म्हणून प्रौढाची आकृती केवळ लहान केल्याने मूल तयार होत नाही. तळहात खाली वळवताना अंगठ्याच्या बाजूचे हाड करंगळीच्या बाजूच्या हाडावरून तिरपे जाते, त्यामुळे मनगटाजवळ आकार पालटतो. हात पूर्ण डोक्यावर नेताना सुमारे एकतृतीयांश हालचाल पाठीवरच्या त्रिकोणी हाडाची, म्हणजे स्कंधास्थीची असते. तिच्याकडे दुर्लक्ष झाले की वर केलेला हात चिकटवल्यासारखा दिसतो. घोट्याचा आतला उंचवटा बाहेरच्यापेक्षा वर असतो, ही गोष्ट तर कोणीही स्वतःच्या पायावर पाहू शकतो.

कपडे घातलेली माणसे काढण्यासाठीही हे ज्ञान लागते. शिल्पकार गणपतराव म्हात्रे यांनी विद्यार्थिदशेत, १८९६च्या सुमारास घडवलेले ‘मंदिरपथगामिनी’ हे शिल्प पाहावे: नऊवारीच्या चुण्यांखालून गुडघ्याची आणि कटीची हालचाल जाणवते, कारण वस्त्राचा प्रत्येक ताण देहाच्या एखाद्या बिंदूपासून निघतो. छायाचित्रावरून नक्कल करणाऱ्या विद्यार्थ्याला चुण्या दिसतात, पण तो बिंदू सापडत नाही. म्हणूनच छायाचित्रांवर चालणारे वर्ग वेगाने देखणे निकाल देतात आणि प्रवेशानंतर विद्यार्थ्याला उघडे पाडतात.

पालकांना सर्वाधिक अस्वस्थ करणारा विषय म्हणजे लाइफ क्लास, म्हणजे प्रत्यक्ष व्यक्तीसमोर, काही वेळा नग्न मॉडेलसमोर, बसून करायचा अभ्यास. मुंबईच्या सर ज. जी. कला शाळेत तो प्राचार्य ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात, १९१९ नंतर रुजला आणि त्यामागचा हेतू वैद्यकीय विद्यार्थ्याच्या देहनिरीक्षणाइतकाच अभ्यासाचा आहे. शालेय वयात त्याची आवश्यकता नसते. घरातील माणसे, रेल्वेस्थानकावरील गर्दी, व्यायामशाळा आणि आरसा एवढी सामग्री त्या वयाला पुरेशी आहे.

वर्ग निवडताना भिंतीवरची बक्षीसपात्र चित्रे पाहण्यापेक्षा एखाद्या विद्यार्थ्याची सहा महिन्यांची वही मागून पाहावी. तिच्यात एक-दोन मिनिटांची द्रुत रेखाटने आहेत का, कडेला दुरुस्त्या आहेत का आणि एकदा दाखवलेली चूक पुढील पानांवर कमी झाली आहे का, हे चित्रकलेचे ज्ञान नसलेल्या पालकालाही ओळखता येते. विद्यार्थ्याने प्रत्येक करेक्शन तारखेसह एका वाक्यात लिहून, त्या आठवड्यात केवळ त्याच सांध्याचा अभ्यास करावा: प्रथम सांगाड्याच्या आकृतीवरून, मग प्रत्यक्ष माणसावरून, मग स्मरणाने. पुढे प्रवेशासाठी किंवा नोकरीसाठी कामांचा संग्रह, म्हणजे पोर्टफोलिओ, सादर करताना अशी काही पाने पूर्ण झालेल्या चित्रांसोबत जोडावीत.