दुकानाची बॅटरी : दोन वर्षे की पाच वर्षे?

कंधारच्या बाजारात दुकान कापडाचे असो की किराण्याचे, कोपऱ्यात इन्व्हर्टर आणि बॅटरी ठरलेलीच. 2005 नंतरच्या भारनियमनाच्या काळात आम्ही व्यापाऱ्यांनी ती नाइलाजाने घेतली. आता तेवढे भारनियमन नाही, पण वीज जायची ती जातेच. दहा-पंधरा हजारांचा हा माल एका दुकानात पाच वर्षे चालतो, तर शेजारी दुसऱ्याच वर्षी बसतो. हा फरक बहुधा सांभाळण्याचा असतो.

बॅटरीत शिशाच्या प्लेटा आणि पातळ केलेले गंधकाम्ल असते. वीज वापरली की प्लेटांवर शिशाचे सल्फेट जमते, चार्जिंग झाले की ते विरघळते. पण बॅटरी उतरलेलीच पडून राहिली, तर सल्फेटचे खडे कडक होतात आणि मग सहसा निघत नाहीत. बॅटरी वापराने जेवढी झिजत नाही, तेवढी अशी पडून राहिल्याने मरते.

आमच्या कापड बाजारात नेमके हेच घडते. संध्याकाळी वीज जाते, बॅटरी उतरते. आणि आगीच्या भीतीने आम्ही मेन स्विच बंद करून घरी जातो. बॅटरी रात्रभर तशीच! भीती रास्त आहे, पण उपाय वेगळा आहे. इलेक्ट्रिशियनकडून इन्व्हर्टरला एमसीबीसह स्वतंत्र लाइन घ्यावी आणि बाकीचे दुकान खुशाल बंद करावे. मात्र चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो. हवेत तो चार टक्के झाला की ठिणगीने पेट घेतो. म्हणून बॅटरी गठ्ठ्यांमध्ये किंवा बंद कपाटात कधीच ठेवू नये. झरोक्याजवळ, कापडापासून दूर ठेवावी. अ‍ॅसिडचा एक थेंबही थानाला भोक पाडतो.

आता हिशेब पाहू. 150 अ‍ॅम्पिअर-अवरची 12 व्होल्टची बॅटरी म्हणजे 1800 वॅट-तास. निम्मीच वापरावी, म्हणजे 900. चार पंखे 300 वॅट, पाच एलईडी ट्यूब 100 वॅट. इन्व्हर्टरचा तोटा धरून बॅटरीवर 500 वॅटचा भार. दीड तास चालवावे, पुढे पंखे कमी करावेत. बीएलडीसी पंखे बसवले, तर चार पंख्यांचे 300 वॅट साधारण 120 वर येतात.

चार्जिंगचा करंट क्षमतेच्या दहाव्या भागाएवढा, म्हणजे 150 च्या बॅटरीला 15 अ‍ॅम्पिअर, ठीक असतो. निम्मी उतरलेली बॅटरी पूर्ण भरायला आठ-दहा तास लागतात. भरल्यानंतर काही तास विसावा देऊन मीटर लावावा : साडेबाराच्या वर असेल तर भरलेली, 12.2 च्या आसपास असेल तर निम्मी.

पाणी महिन्यातून एकदा पाहावे, मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी. फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. बोअरचे, फिल्टरचे किंवा जगत्तुंग तलावाचे पाणी कितीही गोड असले तरी त्यातले क्षार प्लेटा खातात. अ‍ॅसिड वरून घालू नये. उडते ते पाणी, अ‍ॅसिड नव्हे. प्लेटा उघड्या पडू देऊ नयेत, आणि पाणी पूर्ण चार्जिंगनंतर खुणेपर्यंतच भरावे. उष्णता दहा अंशांनी वाढली की आयुष्य जवळपास निम्मे होते, म्हणून पत्र्याखालची जागा टाळावी.

टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर आला, तर स्विच बंद करून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसावे, नट घट्ट करावा आणि व्हॅसलीन लावावे. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. हातमोजे व चष्मा जरूर वापरावा.

जुनी बॅटरी भंगारात फोडायला देऊ नये. शिसे मुलांच्या मेंदूला विष आहे. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती गोळा करून पुनर्वापराला देण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. नवी घेताना जुनी दुकानदाराला द्यावी, किंमत वजा करून घ्यावी आणि बिलावर तारीख लिहून घ्यावी. वॉरंटीला तीच कामी येते.