हाताला बसेल तेच अवजार



आपल्या एक सभासद भगिनी भाईंदरला मुलाकडे राहून नुकत्याच परत आल्या. मुलाने तिथे गच्चीवर कुंड्यांची बाग केली आहे. दुकानातून रंगीत मुठीच्या अवजारांचा संच आणला, तो महिन्याभरातच मानेत वाकला. खाडीच्या खाऱ्या हवेने गंज चढला तो वेगळाच. बाई आम्हाला विचारायला आल्या, "साहेब, पोराला कुठलं खुरपं पाठवू?"

आम्ही म्हणालो, "तुम्ही वापरता तसलंच पाठवा की."

"ते नको. त्यानं माझंच मनगट गेलंय."

हे ऐकून आम्ही खजील झालो. बेणे, खत, पाणी यांवर आम्ही पुष्कळ सांगत असतो. पण खुरपणाऱ्या हातांत काय आहे, हे कधी विचारले नाही. म्हणून आज एवढाच धडा.

खुरपे : पातळ पत्र्याचे घेऊ नये. मोटारीच्या पाट्यापासून लोहाराने घडवलेले पाते सहसा वाकत नाही व धारही धरते. घेताना टोक जमिनीला टेकवून दाबून पाहा. मानेत लवले तर परत द्या. मूठ धरल्यावर अंगठा मधल्या बोटाला टेकला पाहिजे. मूठ फार जाड असली की सारा जोर पकड ठेवण्यातच जातो आणि मनगट भरून येते. एकच माप घरातल्या सगळ्यांना बसत नाही. तेव्हा लोहाराकडे बाईमाणसाने स्वतः जाऊन हात दाखवावा.

विळा : गवत कापायला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा दातेरी 'वैभव' विळा बघावा. वजनाला हलका, आणि कापणी जमिनीलगत होते.

दांडा : जमेल तिथे उकिडवे बसण्याऐवजी लांब दांड्याचे हातकोळपे वापरावे. कंबर न वाकवता पाते जमिनीला लागले पाहिजे. नवऱ्याच्या उंचीचा दांडा बायकोच्या कामाचा नाही.

कपडे व बूट : उसाच्या पानाची कड करवतीसारखी असते. आपल्या बाया साडीवर जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, हे शहाणपणाचेच. पाचटात सापाचे भय, म्हणून गमबूट हवेत; पण पायाच्या मापाचे. सैल बूट ओल्या सरीत रुतून बसतो. मग माणूस तो बांधावर काढून ठेवतो आणि अनवाणी आत शिरतो. असा बूट घेतला काय, न घेतला काय!

फवारणी : खुरपणीचे सुती हातमोजे इथे चालत नाहीत. ते औषध शोषून कातडीलाच लावतात. रबरी मोजे, चष्मा आणि औषधाच्या वेष्टनावर सांगितलेला मुखवटा वापरावा. नाकावर बांधलेला रुमाल वाफ अडवत नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20च्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो आजारी पडले. हे विसरू नये. शिवाय 16 लिटरचा पंप भरला की नुसते पाणीच 16 किलो, वर पंपाचे वजन. पट्टे रुंद असावेत, आणि अंगाने हलक्या माणसाने पंप अर्धाच भरावा.

निगा : काम संपले की माती पुसून तेलाचा फडका फिरवावा. भाईंदरसारख्या खाऱ्या हवेत तर रोजच. धार बोथट झाली की कानस लावावी. बोथट पाते माणसाला दुप्पट दमवते.

त्या भगिनींनी लोहाराकडून दोन खुरपी करून घेतली. एक भाईंदरला गेले, सोबत फडक्याची ताकीदही गेली. दुसरे त्यांनी आपल्या हाताच्या मापाने घडवून स्वतःसाठी ठेवले.

सभासदांनी येत्या खुरपणीआधी घरातल्या प्रत्येकाचे अवजार त्याच्या हातात देऊन पाहावे. रोजाने येणाऱ्या बायांनाही विचारावे. आपल्या उसातले तण त्याच हातांनी निघते.