शंका-समाधान : पाचवी बॅग घेण्याआधी

शंका : माझ्याकडे कॅमेऱ्याच्या चार बॅगा आहेत. पहिलीत सगळं मावतं, पण ती उचलवत नाही. दुसरी हलकी, तर तिच्यात मोठी लेन्स बसत नाही. तिसरीतून कॅमेरा काढेपर्यंत पक्षी उडून जातो. चौथी इतकी महागडी दिसते की लोकलमध्ये जीव मुठीत धरून उभा असतो. आता पाचवी बघतोय. बायको म्हणते, हा आजार आहे. खरंच आहे का हो? (एक वाचक, डोंबिवली)

समाधान : आजार नाही. चारही बॅगांबद्दलच्या तुमच्या तक्रारी रास्त आहेत. फक्त त्या एकाच बॅगेने दूर व्हाव्यात ही अपेक्षा पुरी होणारी नाही. पाठीवरची सॅक भार दोन्ही खांद्यांवर वाटते, पण कॅमेरा काढायला ती उतरवावी लागते. खांद्यावरच्या बॅगेत हात चटकन जातो, पण सगळे ओझे एका बाजूला येते. जाड गादी धक्का सोसते आणि तेवढीच जागा खाते.

नावाजलेल्या बॅगांकडे पाहा. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका दैनिकाचे छायाचित्रकार जिम डोमकी यांनी १९७० च्या दशकात स्वतःच्या रोजच्या कामासाठी कॅनव्हासची मऊ पिशवी बेतली. ती अनेक वृत्तछायाचित्रकारांनी आपलीशी केली. ब्रिटनची बिलिंगहॅम कंपनी तर आधी मासेमारीच्या पिशव्या शिवत असे. दोन्ही ठिकाणी काम आधी ठरलेले होते, पिशवी नंतर आली. आपण उलटे करतो : जवळ आहे ते सगळे मावेल अशी बॅग शोधतो.

तेव्हा पुढच्या फेरीला खरोखर लागेल तेवढेच सामान बाहेर काढा आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. फुल-फ्रेम (३६ × २४ मिमीचा संवेदक असलेली) मिररलेस बॉडी बहुधा पाऊण किलोच्या आसपास भरते, ७०-२०० एफ २.८ लेन्स एक ते दीड किलो आणि मोठी सॅक रिकामीच दीड-दोन किलो. निम्मा निर्णय तिथेच होतो. लोकलच्या धास्तीवर मात्र स्वस्त उपाय आहे. गादीचे कप्पे असलेला सुटा इन्सर्ट (बॅगेत बसवायचा आतला भाग) मिळतो. तो साध्या ऑफिसच्या सॅकमध्ये ठेवा. पाचवी खरेदी करायचीच असेल, तर ही करा. घरातही फारशी कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही.

शंका : वडिलांचा फिल्म कॅमेरा लेदर केससकट मी माझ्या नव्या कॅमेऱ्याच्या बॅगेतच जपून ठेवला होता. परवा पाहिलं, तर त्याच्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे! माझ्या लेन्सलाही लागण होईल का? रात्रभर झोप नाही. (एक वाचक, रत्नागिरी)

समाधान : ती बुरशीच आहे असे दिसते. पण घाबरून जाऊ नका. बुरशीचे बीजाणू (डोळ्यांना न दिसणारे पुनरुत्पादक कण) हवेत सगळीकडेच असतात. ते रुजतात ओलाव्यामुळे. सापेक्ष आर्द्रता (त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी प्रत्यक्षात असलेल्या बाष्पाची टक्केवारी) दीर्घकाळ ६०-६५ च्या वर राहिली की धोका वाढतो, आणि कोकणातल्या पावसाळ्यात ती कित्येक दिवस ८० च्या खाली येत नाही. बंद बॅगेतला फोम आणि चामडे तो ओलावा धरून ठेवतात. बॅग ही नेण्या-आणण्याची वस्तू आहे, कॅमेरा मुक्कामाला ठेवण्याची नव्हे, हे दुकानदार सांगत नाहीत.

आज दोन्ही कॅमेरे वेगळे करा आणि लेदर केस तर वेगळ्या खोलीतच ठेवा. नव्या कॅमेऱ्यासाठी रबरी कडेचा हवाबंद प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल (बाष्प शोषणारे दाणे) आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढे पुरते. काटा ४० ते ५० च्या दरम्यान राहू द्या. नारिंगी दाणे रंग बदलून हिरवट झाले की त्यांच्या पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे तापवून पुन्हा वापरता येतात. निळे दाणे टाळा. त्यांतले कोबाल्ट क्लोराइड विषारी असते.

वडिलांच्या कॅमेऱ्याची लेन्स घरी उघडू नका, व्हिनेगरचे प्रयोगही नकोत. लेन्स दुरुस्त करणाऱ्या जाणत्या कारागिराकडेच द्या, आणि लवकर द्या. बुरशीतून स्रवणारी आम्ले काचेवरचा लेप खातात. बुरशी पुसली जाते, खाल्लेला लेप परत येत नाही. धागे थोडे असतील तर फोटोत बहुधा ते जाणवतही नाहीत.

शंका : लग्नसराईत दिवसभर उजव्या खांद्यावर बॅग असते. रात्री बोटांना मुंग्या येतात. रुंद पट्ट्याची बॅग घेऊ का? (एक छायाचित्रकार, नाशिक)

समाधान : आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, बॅग नंतर. मुंग्यांमागे मान किंवा खांद्यातल्या नसेवरचा दाब असू शकतो, आणखी कारणेही असू शकतात. ते तपासूनच कळेल. हातातली पकड सैल पडत असेल तर अजिबात थांबू नका. छातीत दुखत असेल तर थेट रुग्णालय गाठा. निदान होईपर्यंत सॅक दोन्ही खांद्यांवर घ्या, कंबरपट्टा नीट आवळा म्हणजे बराच भार कमरेवर उतरेल. आणि जड लेन्सा सहायकाकडे द्या. त्यात कमीपणा नाही.

शंका : जुन्या बॅगेचं अस्तर चिकट झालंय, काळे कपचे लेन्सवर पडतात. धुतल्यावर जाईल? (एक वाचक, कोल्हापूर)

समाधान : बहुधा नाही. अस्तरावरचा पॉलियुरेथेनचा लेप दमट हवेत जलविघटनाने (पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन तुटत जाण्याने) निकामी होतो. वापरण्यात तुमची काही चूक नाही. ही बॅग आता चार्जर-वायरींसाठी ठेवा.

शंका : पहिल्यांदाच कॅमेरा घेऊन विमानाने निघालोय. बॅटऱ्या जप्त करतात म्हणे? (एक वाचक, पुणे)

समाधान : सुट्या लिथियम बॅटऱ्या सामानात जमा करायच्या नसतात, केबिनमध्ये स्वतःजवळ ठेवायच्या असतात. चुकीच्या बॅगेत गेल्या की अडवतात, त्यावरून ही भीती पसरली असावी. सर्वसाधारण मर्यादा १०० वॅट-तास (बॅटरीत साठणारी ऊर्जा मोजण्याचे एकक) असते, कॅमेऱ्याची बॅटरी त्याच्या बरीच खाली येते. टोकांवर झाकण किंवा चिकटपट्टी लावा. देशांतर्गत विमानात केबिन बॅगेला बहुधा ७ किलोची मर्यादा असते, तिकिटावर पाहून घ्या. ऐनवेळी बॅग खाली सामानात टाकायला सांगितलीच, तर ती हातातून सोडण्याआधी बॅटऱ्या काढून घ्यायला विसरू नका.